आमच्या गावची चिचुंद्री

मुग्धाच्या डचला हसू नका हं, आधी हे ऐका. आर्नहेमजवळच्या खेड्यात राहायला आलो तेव्हा ही माझी बायको डच शिकत होती, पण बोलायची वेळ आली की गप्प. "पुण्याला परत जाऊया," असं रोज म्हणायची.

शेजारच्या रीटबाई पाहुण्यांना गावाचा इतिहास सांगत, जुनं चर्च आणि पवनचक्की दाखवत. एका रविवारी त्यांचा घसा बसला. "निदान पवनचक्की तरी तू दाखव," म्हणून त्यांनी मुग्धालाच पुढे केलं.

पवनचक्की म्हणजे 'मोलेन'. घाबरून ही म्हणाली 'मोल', म्हणजे चिचुंद्री! "आमच्या गावची चिचुंद्री फार जुनी आहे. वारा सुटला की अजूनही पीठ दळते."

पाहुणे पोट धरून हसले. चूक कळताच मुग्धाचा चेहरा पडला. मला वाटलं, आता ही रडत घरी पळणार. पण तीच हसायला लागली आणि मोडक्यातोडक्या डचमध्ये पुढचं सांगत राहिली.

रीटबाई बसक्या आवाजात म्हणाल्या, "माझं ऐकताना लोक जांभया देतात. पुढच्या रविवारी चर्चसुद्धा तूच दाखव."

मुग्धाने लगेच विचारलं, "तिथे कुठला शब्द जपून वापरायचा?"