सोमवारच्या शेगड्या

(हॉटेलचं स्वयंपाकघर. सकाळ. चारही शेगड्या पेटलेल्या, एकीवरही भांडं नाही.)

ताई : शेगडीला हात लावू नकोस. दहा मिनिटं व्हायचीयत अजून. आधी सांग, बाहेर टेप लावून आपलं काउंटर मोजतोय तो माणूस कोण?

बाळ्या : ताई, तू आधी बस.

ताई : बसू कुठे? सात महिने खुर्च्या टेबलांवर उलट्या आहेत. बोल.

बाळ्या : जागा भाड्याने दिली मी त्याला.

ताई : कधी?

बाळ्या : झाले थोडे दिवस.

ताई : खोटं बोलताना तू लहानपणापासून कान खाजवतोस. कधी?

बाळ्या : सगळं बंद झालं ना, त्याच्या दुसऱ्या महिन्यात.

ताई : म्हणजे पाच महिने. पाच महिने मी दर सोमवारी इथे येतेय. तोंडाला फडकं बांधून, बस नव्हत्या तेव्हा पायी. बर्नर गंजू नयेत म्हणून पेटवतेय, नळ सोडतेय, फ्रीज पुसतेय. आणि घरी गेले की तू विचारतोस, सगळं नीट आहे ना, ताई?

बाळ्या : मग काय करणार होतो? साथ काय आपल्याला विचारून आली? या एका रस्त्यावर नऊ हॉटेलं बसली. मोठमोठ्यांनी हात टेकले, तिथे आपली काय कथा.

ताई : बसलं असतं तर दोघं मिळून रडलो असतो. मला का नाही सांगितलंस?

बाळ्या : तुझा जीव गुंतलाय इथे. म्हटलं, सोमवारचं तेवढं बरं वाटतंय हिला, तर वाटू दे.

ताई : कीव आली होय माझी. वाढप्यांना मी शब्द दिलाय, दुसरीकडे कामाला लागू नका, आपण उघडतोय. परवाच बोलले फोनवर. तू शेजारी बसून जेवत होतास. घास कसा उतरला रे तुझ्या घशाखाली?

बाळ्या : वाढप्यांचं बघतो मी काहीतरी.

ताई : मला वसतिगृहाच्या मेसचं काम चालून आलं होतं, नको म्हणाले. जागा तुझ्या नावावर होऊ दिली, कारण मला कचेऱ्यांच्या पायऱ्या झिजवायचा कंटाळा. म्हटलं, भाऊच आहे की.

भाडेकरू : येऊ का आत? काउंटर मोजून झालं. वा, चारही निळ्या जळतायत. शब्दाला जागलात, साहेब.

ताई : कसला शब्द?

भाडेकरू : हॉटेलं उघडायची परवानगी मिळून ताबा मिळेपर्यंत शेगड्या, नळ, सगळं चालतं ठेवायचं, असं ठरलंय आमचं. बंद पडलेल्या जागा पाहिल्यात ना मी, मावशी, आत नुसता गंज. साहेब म्हणाले, दर सोमवारी येणारी एक बाई ठेवलीय. तुम्हीच का त्या?

बाळ्या : ताई, ते आपलं बोलता बोलता तोंडातून गेलं.

ताई : हो. मीच ती बाई.

भाडेकरू : काम चोख आहे तुमचं. पुढेही याल?

ताई : नाही. इकडे या, दाखवून ठेवते. कोपऱ्यातली ही शेगडी खिडकीच्या वाऱ्याने विझते. हाताचा आडोसा धरून पेटवायची. साहेबांना विचारू नका, त्यांना ते ठाऊक नाही.