सात आंघोळी

लिहा ताई, माझं माहेर लांज्याकडचं, सासर राजापूरचं, मालक इथं स्टीलच्या भांड्यांच्या कारखान्यात लागले म्हणून भाईंदर पूर्वेला आले, मग मालक गेले, मूलबाळ नाही, तेव्हा चुलतसासूनं शिकवलेली बाळंतिणीची मालिश कामी आली. बाळाला न्हाऊ घालायचं, डोकं गोल करायचं, नाक ओढायचं, आईचं पोट बांधायचं, शेक द्यायचा. गुजराती, मारवाडी, नया नगरातल्या मुसलमान बायका, सगळ्या बोलवायच्या. चाळीस दिवस मी मावशी, नंतर रस्त्यात दिसले तर ओळख देतील तर देतील. पोरांना तर माझी आठवण कशी असणार, सांगा.

त्यातलीच एक सुषमा. पहिलंच बाळंतपण, सासूनं मला आधीच ठरवलेलं. सोनोग्राफीत कळलेलं की पोरीच्या काळजात दोष आहे, ऑपरेशन होण्यासारखं नाही, तरी हिनं ठेवली. मला कुणी सांगितलं नाही. चौथ्या दिवशी घरी आणली, मी पाय पसरून पायावर घेतली, ओठ निळसर, वजन म्हणजे काहीच नाही, आणि मी आपली नेहमीसारखी बोलून गेले, चाळीस दिवसांत गुटगुटीत करून देते बघ. सासू उठून आत गेली. सुषमा म्हणाली, मावशी, ती चाळीस दिवस राहायची नाही.

काय सांगू तुम्हाला, घरी येऊन वाटलं, उद्यापासून जाऊच नये. माझ्या हातात गेली तर नाव माझंच होणार. पण दुसऱ्या दिवशी गेले. दवाखान्यातली एक सिस्टर रोज फोन करायची, उबेत ठेवा, छातीशी धरा, दूध चमच्यानं थेंब थेंब, दम लागला तर डॉक्टरांनी दिलेलं औषध, घाबरलात तर मला फोन करा. आंघोळ म्हणाली थोड्या पाण्यात, पटकन. मी तशीच घालायचे, बाकी हात लावायचे नाही. तर सुषमा म्हणते, मावशी, नाक का नाही ओढत. म्हटलं, कशाला त्रास. म्हणाली, त्रास होणार नाही इतकं हळू ओढा, पण ओढा, बाकीच्या पोरींचं करता ते सगळं हिचं झालं पाहिजे. मग ओढलं. डोकंही फिरवलं हातानं, हळू.

सासू म्हणायची बारसं नको, नाव ठेवलं की जीव अडकतो. वाईट नव्हती हो ती, घाबरलेली. तर सुषमानं नाव माझ्या कानात सांगितलं, म्हणाली, आंघोळीला त्या नावानं हाक मारा. मी नळ सोडायचे आणि हाक मारायचे, बाहेर ऐकू जायला नको. पोरगी डोळे उघडून बघायची, खोटं नाही सांगत.

दहाव्या दिवशी दुपारी गेली, आईच्या छातीशी, झोपेत. दुसऱ्या सकाळी मी गेले तर सासू दारात, आता तुमचं काय काम, बाळ कुठं आहे. म्हटलं, बाळंतीण तर आहे ना. आत सुषमा तापलेली, दूध दाटलेलं, चोळी भिजलेली, आणि तिच्याकडं बघायचं कुणाला सुचलं नव्हतं. सिस्टरला विचारून थंड पट्ट्या ठेवल्या. चाळीस दिवस पुरे केले. पाठीला तेल लावताना रडायची, मी लावत राहायचे.

मग बिल्डिंगीत बोभाटा झाला, हिच्या हातात मूल राहत नाही. एकीनं तोंडावर सांगितलं, तुमचा हात नको. राग आला मला, अजून येतो. काही महिने खानावळीत चपात्या लाटल्या, मग हळूहळू बायका परत बोलवायला लागल्या.

सुषमाचं बिऱ्हाड तिकडं नालासोपाऱ्याकडं गेलं म्हणतात. पत्ता नाही माझ्याकडं. सुखी असू दे, पोरंबाळं झाली असू देत. पण त्या पोरीचा फोटो नाही, घरात तिचा विषय कुणी काढत नव्हतं. नाव आम्हा दोघींनाच ठाऊक, ती तिकडं, मी इकडं, घ्यायचं तरी कुणाजवळ. एकटी असते तेव्हा भांडी घासताना घेते कधी. तुम्ही विचारलंत म्हणून सांगते, ताई, बाकी माझं काही लिहू नका वाटलं तर, तिचं नाव तेवढं लिहा. सायली. लिहिलंत का?