अर्धी मेणबत्ती

(नॉटिंगहॅमचं कोर्ट. कॉरिडॉरमधल्या बाकावर धम्मशीला बसली आहे. तिची नात तनू आतून धावत येते.)

धम्मशीला : आधी श्वास घे. जज हो म्हणाले की नाही?

तनू : हो म्हणाले, आजी! ज्युरी मिळाली! पण तू मधेच उठून का आलीस?

धम्मशीला : कोर्टातल्या त्या बाईंनी दार लावून घेतलं गं. आवाज झाला आणि मला त्या दुकानातली मागची खोली दिसायला लागली.

तनू : सॉरी, आजी. मला आधी सुचायला हवं होतं.

धम्मशीला : जाऊ दे. आपला अर्ज उशिरा आला, असं दुकानाचा वकील म्हणत होता. तिथपर्यंत ऐकलं मी.

तनू : उशीर नाहीच झाला. क्लेम टाकल्यापासून मोजत नाहीत. त्यांचा डिफेन्स, म्हणजे लेखी उत्तर, आपल्याला मिळाला, तिथून अठ्ठावीस दिवस. आपण त्याच आठवड्यात ॲप्लिकेशन दिलं होतं.

धम्मशीला : तू मागे लागून सही घेतलीस म्हणून. तुझा बाबा म्हणत होता, दुकान देतंय ते व्हाउचर घे आणि विसर.

तनू : मग तो म्हणाला, सिव्हिल केस जज एकटेच ऐकतात, ज्युरी कशाला? आपल्या बॅरिस्टर म्हणाल्या, बहुतेक वेळा खरंय. पण कुणाला उगाच डांबून ठेवलं असा क्लेम असेल, तर ज्युरी मागायचा हक्क आहे. कागदपत्रांचा ढीग तपासायचा असला, तरच जज नाही म्हणू शकतात.

धम्मशीला : आणि आपला ढीग केवढा?

तनू : एक सीसीटीव्हीचा व्हिडिओ आणि तुझी अर्धी मेणबत्ती. जजसुद्धा हसले.

धम्मशीला : हसू देत. विहारातल्या स्टँडला मापाची मेणबत्ती हवी, तर नमुना न्यायला नको? मॅचिंगला ब्लाउजपीस नाही का नेत? शेल्फवरच्या मेणबत्तीशेजारी धरली, जुळली नाही, परत पिशवीत टाकली. झाले चोर!

तनू : पण ती तर जळलेली होती!

धम्मशीला : तेच सांगत होते त्या गार्डला. म्हटलं, बाबा, वात बघ, काळी झालीय. ढुंकून बघितलं नाही. पोलिस येईपर्यंत दार बंद. त्यांनी एकदा पाहिलं आणि लगेच सोडलं.

तनू : आजी, एक खरं सांगू? ज्युरीत रिस्क आहे. आठ अनोळखी माणसं. त्यांना नाही पटलं, तर हरू आपण.

धम्मशीला : हरू. त्या खोलीत एकच माणूस होता आणि तो ऐकत नव्हता. आता आठ जण ती मेणबत्ती हातात घेऊन बघतील. इथलेच, बसमध्ये माझ्या शेजारी बसणारे. यांच्याच गावात मी जन्मभर नर्सिंग केलं. मी चोर नाही, हे मला त्यांच्या तोंडून ऐकायचंय. किती हलकं वाटतंय गं... रडू येतंय.

तनू : रड ना. टिश्यू आहे माझ्याकडे.

धम्मशीला : झालं. चल, जाता जाता विहारासाठी मेणबत्त्या घेऊ. इतके महिने मिळेल ती वाटीत उभी करतोय आम्ही.

तनू : दुकानात? तू? त्या दिवसापासून बॅग घेऊन कुठेच नाही गेलीस तू.

धम्मशीला : म्हणून तर आधी घरी थांबायचं.

तनू : कशाला?

धम्मशीला : पिशवी घ्यायला. आणि त्या मेणबत्तीच्या जोडीची दुसरी आहे, ती. नमुन्याला.