काशीबाईंच्या एक्केचाळीस धवल्यांबाबत

जबाब, दि. १७/११/२०२५

मी, किमया जनू म्हात्रे, वय ३४ वर्षे, धंदा झेरॉक्स व टायपिंगचे दुकान, पेण, रा. गडब, ता. पेण, जि. रायगड. समक्ष विचारल्यावरून सांगते की,

माझी आई काशीबाई लग्नात धवले गायची. तिला येणारे एक्केचाळीस धवले मी तीन वर्षांत तिच्या तोंडून रेकॉर्ड केले व दुकानातील कॉम्प्युटरवर ठेवले. आई गेल्या फेब्रुवारीत वारली.

दि. १२ रोजी सकाळी ११ च्या सुमारास दुकानाच्या मेलवर 'पत्रिका' नावाची फाइल आली. छापायची असेल समजून मी ती उघडली. कॉम्प्युटरने परवानगी मागितली, ती मी दिली. थोड्याच वेळात एकही फाइल उघडेना. पडद्यावर पैसे मागणारा इंग्रजी मजकूर आला. पैसे मी भरले नाहीत. धवल्यांची दुसरी प्रत कॉम्प्युटरला लावलेल्या पेनड्राइव्हवर होती, तीही गेली.

त्याच दुपारी मी पेनड्राइव्ह घेऊन रोह्याला मावसभाऊ प्रणित याच्याकडे गेले. तो कंपनीत इलेक्ट्रिशियन आहे. त्याच्या कॉम्प्युटरवर विंडोज नाही, लिनक्स ही दुसरी सिस्टीम आहे. त्याने पेनड्राइव्ह लावला. 'पत्रिका' फाइल आपोआप त्यातही उतरली होती, पण तिथे तिचे काही चालले नाही. लिनक्स फार लोक वापरत नाहीत म्हणून तुझा कॉम्प्युटर वाचला का, असे मी विचारले. तो म्हणाला, "अर्धं तसंच हाय, ताई. पाकीटमार गर्दीच्या बाजारात जातो. ही फाइल विंडोजसाठीच बनवलेली. पन नुसतं तेवढंच नाय. माझ्याकडं पासवर्डबिगर सिस्टीममधी काय बसत नाय, आनि मी वलख नसलेली फाइल उघडत नाय. मोठे सर्व्हर लिनक्सवर चालतात, तिथं चोर येतातच."

पेनड्राइव्हवरील धवले त्यालाही उघडता आले नाहीत. मग त्याने सांगितले की, मागच्या वर्षी दिवाळीला दुकानात आला असता त्याने सर्व धवले स्वतःकडे उतरवून घेतले होते. मला विचारले नव्हते. विचारले असते तर मी नाही म्हटले असते, कारण आईचा आवाज गावभर फिरलेला मला नको होता. याबाबत त्याच्याविरुद्ध माझी काहीएक तक्रार नाही. त्याचे उपकार आहेत, तसे नोंदवावे.

एक्केचाळीसही धवले मिळाले. त्याने पहिला लावला. मध्येच गाणे थांबवून आई म्हणते, "जरा पानी दे गो किमया, घसा सुकला माजा." मी उठून पाणी आणले. मी भांडे टेबलावर ठेवले आणि पूर्ण धवला ऐकला.

मेल पाठवणाऱ्या अनोळखी इसमाविरुद्ध माझी तक्रार आहे.

हा जबाब हवालदारसाहेबांनी मला मोठ्याने वाचून दाखवला. पाण्याची बाब तपासाला लागत नाही, काढू का, असे विचारले. राहू द्या, असे मी सांगितले. बाकी मजकूरही मी सांगितला तसाच व खरा आहे.