आंतोनच्या जीपचा लॉक

गाडीला डिफरन्शियल लॉक बसवायचं म्हणताय ना, मग आधी आमच्या आंतोनचं ऐका. त्याने जुनी जीप घेतली आणि दोन महिने माझं डोकं खाल्लं. लॉक पुढच्या चाकांना बसवू की मागच्या? एक चाक वाळूत नुसतंच गरगरत राहिलं, तर लॉकमुळे दुसरं चाक जोर लावतं, एवढं मला पाठ झालं. शेवटी वैतागून म्हटलं, "तारकर्लीक जावया. जी चाकां रुततली, तेंका बसव!"

चारही रुतली.

वर भरती चढत होती. जवळच तीसेक रापणकार दोराने जाळं किनाऱ्याला ओढत होते. आंतोन धावत गेला. त्यांचे म्होरके तात्या समुद्रावरची नजर न काढता म्हणाले, "आधी रापण, मगे जीप. धरा दोर."

धरला. तासभर ओढला. बांगडे बाहेर आले तेव्हा पाणी जीपच्या पायरीला लागलं होतं आणि आंतोन चर्चमधल्या सायबिणीला नवस बोलत होता. मग तोच दोर जीपला बांधला, सगळ्यांनी हिसका दिला आणि जीप सुटली.

दोराला हात लावला म्हणून आम्हाला बांगड्यांचा वाटाही मिळाला. तेवढ्यानेच आंतोनला धीर आला. "तात्या, लॉक फुडे बसवू काय मागे?"

लॉक म्हणजे काय, ते तात्यांनी शांतपणे समजून घेतलं. "म्हणजे तो बसवल्यावर गाडी आजून फुडे जातली?"

"होय तर!"

"मगे नको बसवू. आमचो दोर हयसरपर्यंतच पोचता."