आईला मराठीत सांगून दाखव

नमस्कार मंडळी. काशीतली एवढी मराठी माणसं या हॉलमध्ये एरवी गणपतीतच दिसतात. आज आपल्या नलूताईसाठी आलात. तिच्या शेजारी मी सगळा जन्म काढला, पण तिच्याविषयी असं उभं राहून बोलायची ही पहिलीच वेळ. सांभाळून घ्या.

रडायला मात्र मी आलेले नाही. नलू जिंकली, हे सांगायला आलेय.

शाळेतून रिटायर झाल्यावर तिनं इथे दर रविवारी मुलांचा मराठी वर्ग सुरू केला. आपल्याला वाटलं, आरत्या पाठ करून घेईल. तिनं काय घेतलं? टीव्हीवरच्या जाहिराती. म्हणायची, 'बाहेर हिंदीत जे ऐकता ते घरी आईला मराठीत सांगून दाखवा. ती पोळ्या लाटत असताना. सांगताना तुम्हालाच हसू आलं, तर समजा, कुणीतरी तुम्हाला बनवतंय.'

आठवतंय ना? घराघरांतून तक्रारी आल्या. पोरं गोरं करणारं क्रीम आणू देत नाहीत, बिस्किटांवरून वाद घालतात. हॉलच्या कमिटीनं ठरवलं, वर्ग बंद. नलू मला म्हणाली, 'शिंदे घाटाच्या पायऱ्यांवर बसवीन. पण शिकवीन.'

त्याच आठवड्यात इथे कोचिंगवाले आले. मोठा पडदा, गोड बोलणं. 'बहनजी, आपका बच्चा पीछे न रह जाए.' सगळे पालक माना डोलावत होते. सुमन तर फॉर्म भरायला पेन काढून बसली होती. हस, सुमन, हस. तेवढ्यात तिची लहानगी मुक्ता उठली आणि आईला मराठीत म्हणाली, 'आई, तू आधी घाबर. तू घाबरलीस की मगच हे काका मला शिकवतील.'

सुमननं पेनाला टोपण लावलं. मग एकेक जण उठला. कोचिंगवाले पडदा गुंडाळून गेले. आणि पुढच्या रविवारी मुलांच्या मागे सतरंजीवर कोण बसलं होतं? कमिटी.

नलूनं एकदाही 'बघा, मी म्हणत होते' असं म्हटलं नाही. मला त्याचा राग यायचा. मी म्हटलं असतं.

ती गेली. फार दुखतंय. पण काल मुक्ता, आता कॉलेजात जाते ती, माझ्याकडे हॉलची किल्ली मागायला आली. मी म्हटलं, 'अगं, हा रविवार तरी राहू दे.' म्हणाली, 'मावशी, मुलं येणार आहेत.' मी किल्ली दिली.

चला, सगळे उभे राहू या. थोडा वेळ शांत राहू या.

नलू, वर्ग भरतोय. तुला माझा नमस्कार.