‘काही नाही’ म्हणायला बंदी

सन्माननीय अध्यक्ष आणि आमच्या कंपनीचे मालक हर्षवर्धनसाहेब, आज खास ड्यूटी बदलून व्यासपीठावर आलेल्या प्राची सिस्टर, आज निवृत्त होणारे सत्कारमूर्ती गंगाधर राऊळसर, मायावहिनी, आणि खुर्च्या कमी पडल्या म्हणून मागे उभे असलेले माझे सहकारी, सर्वांना या मानसीचा नमस्कार. वहिनींनी माझ्यावर एक काम सोपवलंय. ते शेवटी करते.

सर चिंचपोकळीच्या आमच्या कारखान्यात नक्की काय करायचे, असं त्यांच्या चाळीतल्या मंडळींनी मघाशी मला विचारलं. आम्ही पेशंटला हळूहळू औषध देणारे पंप बनवतो. पंपाच्या मोटरशी, सेन्सरशी थेट बोलणारा अगदी खालचा प्रोग्राम असतो, त्याला ड्रायव्हर म्हणतात. तो सर लिहायचे. काही बिघडलं की बरेच ड्रायव्हर नुसता आकडा कळवतात, ‘उणे पाच’! आता मला सांगा, घरचा मिक्सर बंद पडला आणि ‘उणे पाच’ म्हणाला, तर तुम्ही काय कराल? धपाटाच घालाल ना?

पण सरांचा खरा राग होता तो चूक गिळून ‘सगळं ठीक’ कळवणाऱ्या कोडवर. नवा ड्रायव्हर तयार झाला की सर चहाचा कप घेऊन यायचे आणि टेबलावरच्या चालू पंपाची एखादी वायर उपटायचे. कुठली, ते आधी सांगायचे नाहीत. काय झालं, कुठे झालं आणि आता काय करायचं, हे पंपाने नीट सांगितलं तरच चहाला तोंड लावायचे. किती कप गार झाले म्हणून सांगू! साहेब एकदा वैतागून म्हणाले, "राऊळ, स्क्रीन केवढी, तुमचं वाक्य केवढं! कोड द्या, बाकीचं माहितीपुस्तकात आहे." सर म्हणाले, "साहेब, पेशंटच्या उशाशी माहितीपुस्तक घेऊन कोण बसतं?" साहेब, आज हसताय, पण तेव्हा चांगला आठवडाभर अबोला होता तुमचा.

आणि याच सरांनी गेल्या गणपतीत काय करावं? छातीत कळ आली. वहिनींनी विचारलं, काय होतंय? तर म्हणाले, "काय नाय गो, पित्त असतला." वा सर! ज्या चुकीसाठी आम्हाला फाडून खाल्लंत, तीच चूक! वहिनींनी घामाने भिजलेला शर्ट पाहिला आणि काही न ऐकता त्यांना टॅक्सीत घातलं. आणखी उशीर झाला असता तर... ते वाक्य मला पूर्ण करायचं नाही.

परळच्या हॉस्पिटलात उशाशी पंप नेमका आमचाच. दुसऱ्या दिवशी तो वाजायला लागला. या प्राची सिस्टर धावत आल्या. स्क्रीनवर होतं, "नळीतला दाब कळत नाही. औषध थांबवलं आहे. मागचा निळा प्लग घट्ट बसवा. तरी चालू झाला नाही तर दुसरा पंप लावा." सिस्टरांनी प्लग बसवला, पंप चालू झाला. कुणाला शोधावं लागलं नाही, काही उघडून बघावं लागलं नाही. आणि आमचे सत्कारमूर्ती, नाकात ऑक्सिजनची नळी, डोळे अर्धवट मिटलेले, पुटपुटले, "‘घट्ट’ नको. नुसतं ‘बसवा’ पुरे." सिस्टरांना वाटलं, पेशंटला भ्रम झालाय!

आता वहिनींचं काम. सर, सोमवारपासून वहिनी शाळेत शिकवायला गेल्या की दुपारभर घरात तुम्ही एकटे. काल त्या मला म्हणाल्या, "मानसी, हा माणूस मला काही सांगायचा नाही गं." म्हणून या भरल्या सभागृहात सांगते, आजपासून तुम्हाला ‘काही नाही’ म्हणायला बंदी. दुखलं की फोन करायचा. काय होतंय, कुठे होतंय आणि आम्ही काय करायचं, सगळं सांगायचं. वाक्य लांब झालं तरी चालेल. आम्हाला तुम्ही हवे आहात.

मला बोलू दिलंत, शांतपणे ऐकून घेतलंत, आभारी आहे. चुकलंमाकलं पोटात घाला, असं म्हणायची रीत आहे. पण सरांच्या देखत ते म्हणायची माझी हिंमत नाही. माझं काही चुकलं असेल तर गिळू नका. खाली आले की कुठे चुकलं ते तोंडावर सांगा.

आणि सर, तुम्हीही.